पेटी (हार्मोनियम) घेऊन गाताना मान आखडते. बैठकीचे वेगळे शिक्षण घ्यावे का?

मध्यसप्तक:
मी चार वर्षांपासून ख्याल हा शास्त्रीय गायनप्रकार शिकते आहे आणि घरी रियाजाला स्वतःच पेटी वाजवते. पाऊण तास उलटला, की मानेची उजवी बाजू आखडते, खांदा भरून येतो आणि तारसप्तकात (वरच्या सप्तकात) आवाज ओढून लावावा लागतो. गुरुजी 'ताठ बस' म्हणतात, पण तशी बसले, की पाच मिनिटांत कंबर धरते. डॉक्टरांना तपासणीत काही दोष आढळला नाही. गाण्याच्या विद्यार्थ्याने बैठकीचे वेगळे धडे घ्यावेत का?

जवारी:
धडे जरूर घ्यावेत. मात्र आधी पेटी बाजूला ठेवून पाहा. भात्यासाठी डावा हात पुढे गेला, की त्यामागोमाग धडही वळते, नजर पट्ट्यांवर खिळते आणि मान पुढे झुकते. 'ताठ बस' ही सूचना मला अपुरी वाटते, कारण मांडी घातल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर राहिले, तर कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि तो स्नायूंच्या जोरावर सरळ करत बसावे लागते. सतरंजीची तीन-चार इंचांची घडी बुडाखाली घ्या, म्हणजे गुडघे खाली येतील आणि पाठ फारशी न ताणता उभी राहील.

टेम्सकाठचा_तबलजी:
इकडे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये अलेक्झांडर तंत्र, म्हणजे शरीराला लागलेली अनावश्यक ताणाची सवय ओळखून ती सोडण्याची पद्धत, शिकवले जाते. १८६९ साली टास्मानियात जन्मलेल्या फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर या नटाचा आवाज प्रयोगात बसू लागला, तेव्हा त्याने आरशात स्वतःला न्याहाळले आणि बोलण्याच्या तयारीतच आपण डोके मागे खेचतो, स्वरयंत्र दाबतो, हे त्याच्या ध्यानात आले. मी काही धडे घेतले. पहिल्या धड्यात तबल्याला हातही लावू दिला नाही. खुर्चीवरून नुसते उठायचे आणि बसायचे, शिक्षिकेचा हात मानेवर अलगद टेकलेला. पैसे वाया गेले असे तेव्हा वाटले, पण उठण्याआधीच मान आवळली जाते, हे मला तिथेच कळले.

खर्जातला:
हे आपल्याकडे नवे नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त गायकाचे २५ दोष सांगितले. त्यांत मान वाकडी करणारा 'वक्री' आहे, गाल फुगवणारा 'तुंबकी' आहे आणि दात आवळून गाणारा 'संदष्ट'ही आहे. आपण मुद्रादोष म्हणून ते हसण्यावारी नेतो आणि गायक मोठा असला, तर शिष्य गायकीबरोबर तेही उचलतात!

मध्यसप्तक:
सर्वांचे आभार. सतरंजीच्या घडीने कंबरेचा प्रश्न बराचसा मिटला. काल मोबाइल बाजूला उभा करून चित्रीकरण केले, तेव्हा दिसले, की तारषड्जाआधी (वरच्या 'सा'आधी) श्वास घेतानाच माझी हनुवटी वर जाते आणि उजवा खांदा कानाकडे चढतो. स्वर लागतो तो त्यानंतर. तूर्त पेटी कपाटावर ठेवली असून तानपुऱ्यावर केवळ मंद्र (खालच्या) आणि मध्य सप्तकाचा रियाज चालू आहे.