डायल 2 वर, मग मॉनिटरवर 1.1 काहून?

ओटीवाला_नागपूर: नमस्कार मंडळी, नागपुरातच ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियनचा कोर्स करतोय, दुसरं वर्ष. काल सेव्होफ्लुरेनचा (वाफेतून द्यायचं भुलीचं औषध) डायल 2 टक्क्यांवर होता, फ्रेश गॅस (मशीनमधून येणारा ताजा गॅस) मिनिटाला 1 लिटर, केस सुरू होऊन दहाएक मिनिटं झालेली, आणि मॉनिटरवर एफआय (आत जाणाऱ्या श्वासातलं प्रमाण) 1.4, ईटी (बाहेर येणाऱ्या श्वासाच्या शेवटचं प्रमाण) 1.1. व्हेपोरायझर (औषधाची वाफ करणारं यंत्र) बिघडला काय? आणि सर्किटमधून मॉनिटरकडे नमुना नेणाऱ्या त्या बारीक नळीतून (सॅम्पल लाइन) गेलेल्या हवेत कोणता गॅस किती हे मशीनला समजतं कसं, नोट्समध्ये 'इन्फ्रारेड' एवढंच लिहून पुढे गेलेत.

भूलवाली_ताई: बिघडला नाही रे. डायल म्हणजे व्हेपोरायझरमधून काय निघतंय ते. 1 लिटर फ्लोवर ते सर्किटमधल्या (मशीन आणि पेशंटला जोडणाऱ्या नळ्या) जुन्या हवेत मिसळतं, त्यात पेशंटने सोडलेला, एजंट (भुलीचं औषध) कमी असलेला श्वासही असतो, म्हणून एफआय कमी. आणि सुरुवातीला फुप्फुसातून रक्त एजंट ओढून घेत असतं म्हणून ईटी त्याहून कमी. हळूहळू दोन्ही जवळ येतात. मेंदूत किती पोचलं याचा अंदाज ईटीवरूनच येतो, म्हणून मी डायलकडे कमी अन् ईटीकडे जास्त बघते. चाळिशीच्या माणसात सेव्होचा मॅक (ज्या प्रमाणावर निम्मे पेशंट चिरा दिल्यावर हलत नाहीत ते) 2 टक्क्यांच्या आसपास, तो ईटीवरच मोजायचा.

आता इन्फ्रारेड. प्रत्येक गॅस ठराविक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतो, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) 4.3 मायक्रॉनच्या जवळ, सेव्हो-आयसो-डेस (सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन) 8 ते 12 च्या पट्ट्यात. तिथे दोनतीन ठिकाणी किती प्रकाश गायब झाला ते बघून मशीन एजंट ओळखतं आणि प्रमाणही काढतं. ऑक्सिजन मात्र इन्फ्रारेड शोषतच नाही, दोन्ही अणू सारखे ना. पण तो चुंबकाकडे ओढला जातो, त्यावरून पॅरामॅग्नेटिक सेन्सर मोजतो. काही मशीनवर त्याऐवजी फ्युएल सेल (ऑक्सिजनवर वीज तयार करणारा सेल) असतो, तो झिजतो, बदलावा लागतो.

बायोमेडिकल_भाऊ: ताईंनी बरोबर सांगितलं, माझं एवढंच की वॉटर ट्रॅप (सॅम्पल लाइनमधलं पाणी अडवणारी डबी) बघत जा बाबा. मशीन मिनिटाला 200 मिलीच्या आसपास हवा ओढतं, श्वास ओला असतो, पाणी आत गेलं की रीडिंग बिघडतं आणि कधी सेन्सरच जातो. पावसाळ्यात तर माझे अर्धे कॉल याचेच असतात, खरंच जीव तुटतो, दोन मिनिटांचं काम आहे ते. आणि लो फ्लोवर ती ओढलेली हवा सर्किटमध्ये परत जाते की स्कॅव्हेंजिंगला (वापरलेला गॅस बाहेर काढणारी व्यवस्था) ते विचारून ठेव.

भूलवाली_ताई: आणि हे मनात पक्कं धर, सीओटूची लाइन सपाट झाली तर आधी पेशंट बघायचा, श्वासाची नळी अन्ननलिकेत तर नाही ना, सर्किट सुटलं का. सॅम्पल लाइन चोंदली का हे त्यानंतर. उलटं करू नको कधी.

ओटीवाला_नागपूर: थँक्यू ताई, भाऊ. आजच वहीत लिहिलं. अजून एक, नायट्रस (नायट्रस ऑक्साइड, भुलीत वापरतात तो गॅस) सुरू असला की सीओटू थोडा जास्त दाखवतो असं एक सिनिअर म्हणाला, खरंय का?

भूलवाली_ताई: जुन्या मशीनवर हो. नायट्रसचा पट्टा 4.5 मायक्रॉनला, सीओटूच्या अगदी शेजारी, शिवाय त्याचे रेणू आदळून सीओटूचा पट्टाही थोडा रुंदावतो. आताची मशीनं नायट्रस वेगळा मोजून ती दुरुस्ती स्वतःच करतात.