वीस-बावीस लाखांत जुनी बीएमडब्ल्यू एक्स३ घ्यावी की नवी साधी एसयूव्ही?

घोडबंदरकर:
घरात हा वाद रोज चालू आहे, म्हणून इथे मांडतो. माझं मत ठाम आहे: सात-आठ वर्षांची, एकहाती वापरलेली, सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण असलेली डिझेल एक्स३ किंवा ऑडी क्यू५ घ्यावी. पावसात माळशेज घाट चढताना चारही चाकांना जोर मिळतो, तेव्हा गाडी रस्ता सोडत नाही. पहिल्या मालकाने घसारा सोसलेला असतो. मग असल्याच नव्या गाडीला शोरूममध्ये कितीतरी जास्त पैसे का मोजायचे?

नेरूळ सेक्टर २०:
घसारा त्याने सोसला, दुरुस्ती तुम्ही सोसणार. किंमत उतरली तरी सुटे भाग नव्या गाडीच्याच भावाने येतात. त्यात फोर व्हील ड्राइव्हचा खर्च वेगळा. एक टायर फाटला म्हणून एकच बदलला, तर नव्या टायरचा घेर जुन्यांपेक्षा मोठा पडतो. तो फरक एक्स३च्या ट्रान्सफर केसमधला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतला, क्लच सतत घसरून भरून काढतो आणि स्वतः झिजतो. म्हणजे बहुतेक वेळा चारही टायर एकदम. एक्स३ला रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर) असतील तर बिल बघून घ्या.
आणि माळशेजचं म्हणाल, तर फोर व्हील ड्राइव्ह गाडी पुढे नेतं, थांबवत नाही. ओल्या उतारावर ब्रेक लागतो तो टायरच्या नक्षीवर.

घोडबंदरकर:
ब्रेकचं मान्य. पण चढावर चिखलात मागचं चाक नुसतं फिरत राहतं, तो अनुभव घेतलेला माणूस असं बोलणार नाही.

वाशीची मेघना:
दादा, चढ वर्षातून किती वेळा? रोज ठाण्यात माजिवडा ते कापूरबावडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणार असाल तर डिझेल घेऊच नका. डीपीएफमधली, म्हणजे डिझेलच्या धुराच्या गाळणीतली, काजळी जळायला इंजिन बराच वेळ सलग वेगात चालावं लागतं. तसा रस्ता रोज मिळत नसेल तर पेट्रोल बघा.

कळवा नाका:
स्वस्त दिसणाऱ्या दिल्ली पासिंगच्या गाड्यांपासून सावध. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली होती, म्हणून त्या इकडे येऊ लागल्या. एनओसी, आपल्या राज्याचा रोड टॅक्स, एमएच-०४ (ठाणे) किंवा एमएच-४३ (नवी मुंबई)ची नवी नोंदणी, हे सगळं किमतीत धरा. आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का तेही तपासा. पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, तळाशी गाळाचा पट्टा राहतो.

नेरूळ सेक्टर २०:
हे सगळं तपासूनही घ्यायचीच असेल, तर दोन-तीन लाख बाजूला ठेवूनच घ्या. तेवढे उरत नसतील तर नवी क्रेटा बरी.

घोडबंदरकर:
तेवढे ठेवतो. पेट्रोल क्यू५ मात्र आता यादीत वर घेतली. एक्स३ बघितली आणि ट्रान्सफर केसचं तेल बदललेलं बिलात दिसलं नाही, तर गाडी सोडून देणार.