कुत्र्याची निष्ठा शिकायची, की त्यानं टाकलेला भरवसा सांभाळायला?

ओसरी
"कुत्र्यासारखं निष्ठावान व्हा" हा उपदेश मला अपुरा वाटतो. कुत्रा आपल्यावर भरवसा टाकतो आणि तो टिकवणं पूर्णपणे आपल्या वागण्यावर असतं. शिकण्यासारखं खरं तिथे आहे.

हाकेला येणं हेच घ्या. सुरुवात घरात, दोन-तीन पावलांवरून. नाव एकदाच घ्यायचं. वळून आला की सेकंद-दीड सेकंदात खाऊ तोंडात गेला पाहिजे: बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा. उशीर झाला तर मधे त्यानं जे काही केलं, बसला, उडी मारली, त्याचं बक्षीस मिळाल्यासारखं होतं. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. घरात पक्कं झालं की जिना, मग सोसायटीचं आवार, मग मैदानात आठ-दहा मीटरची दोरी. ही दोरी छातीच्या पट्ट्याला बांधावी, गळ्यातल्या पट्ट्याला बांधली तर धावत्या कुत्र्याला मानेत हिसका बसतो.

बिघडतं कुठे? लोक हाक मारून आंघोळीला नेतात, नखं कापतात, खेळ अर्धवट तोडून घरी आणतात. काही दिवसांत कुत्रा हाक ऐकून उलट लांब जातो. किंवा तो उशिरा येतो आणि मालक फटका देतो. कुत्र्याच्या हिशेबी तो फटका जवळ येण्याबद्दलचा असतो. अशी हाक दुरुस्त करत बसू नये, नवा शब्द घेऊन पहिल्या पायरीपासून सुरू करावं. नखं कापायची असतील तर आपण उठून त्याच्याकडे जावं. हाकेचा शब्द खोटा पडू द्यायचा नाही, एवढं ज्याला जमतं त्याचं घरातल्या माणसांशीही बरं जमेल असं मला वाटतं.

तिठा
हाकेबद्दलचं सगळं मान्य, निष्कर्ष अमान्य. कुत्र्याचं अन्न, दार, पट्टा, जोडीदार मिळणार की नाही हेसुद्धा माणूस ठरवतो. एकाच्या हाती सगळ्या चाव्या असलेलं नातं प्रेमाचा नमुना म्हणून पुढे ठेवणं मला धोक्याचं वाटतं. आपल्याकडे सोसणाऱ्या बाईला आणि राबणाऱ्या गड्याला "इमानी" म्हणून गौरवण्याची खोड जुनी आहे.

शिवाय आपण कुत्र्याच्या डोळ्यांत आपल्याला हवं ते वाचतो. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा 2009 चा प्रयोग पाहा. मालकानं खाऊला तोंड लावू नकोस असं बजावून खोलीबाहेर जायचं. परतल्यावर कुत्र्यानं खाल्लं की नाही ते त्याला सांगितलं जाई, आणि काही वेळा मुद्दाम खोटं सांगितलं जाई. कान पाडणं, नजर चुकवणं, अंग चोरणं हे "अपराधी" वागणं मालकाच्या रागावण्याप्रमाणे वाढलं. कुत्र्यानं खरंच खाल्लं होतं का, याच्याशी त्याचा संबंध दिसला नाही. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप समजून विरघळतो ती रागाला दिलेली प्रतिक्रिया असते. भीतीला प्रेम समजण्याची सवय घरात लागली तर ती माणसांपर्यंतही पोचते.

गावकूस
तिठा यांच्या मुद्द्याला आणखी दोन गोष्टी जोडतो, कारण त्यांतूनच कुत्रे चावतात.

पहिली गुरगुर. जेवताना कुत्रा गुरगुरला की लोक त्याला दाबतात, "मालक कोण ते कळू दे" म्हणून ताट काढून घेतात. भीती तशीच राहते, फक्त इशारा जातो. नंतर "अचानक चावला" अशी तक्रार येते. गुरगुरीच्या आधीही खुणा असतात: जागीच ताठ होणं, भराभर खाणं, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर. उपाय असा. तो ज्या अंतरावर निवांत खातो तिथून चालत जाताना ताटाच्या दिशेनं चिकनचा तुकडा टाकायचा आणि निघून जायचं. तो मान वर करून तुमची वाट पाहू लागला की पाऊलभर जवळ. घरात लहान मूल असेल तर हा सराव मोठ्यांनीच करायचा आणि जेवताना कुत्रा बंद दाराआड ठेवायचा. आधी चावला असेल तर घरगुती प्रयोग नकोत, जाणकार गाठावा.

दुसरी गोष्ट, "माझ्याशिवाय तो पाणीही पीत नाही" हे कौतुकानं सांगणं. ती बहुधा एकटं राहण्याची धास्ती असते. मोबाइलचा कॅमेरा लावून बाहेर जा. पहिल्या अर्ध्या तासातच येरझाऱ्या, धाप, लाळ, दार खरवडणं दिसलं तर समजा. मग चपला घालून पुन्हा बसणं, किल्ली वाजवून जागीच राहणं, इथून सुरुवात. पुढे दार ओढून पाच सेकंद, दहा, तीस. वेळ सारखी चढती ठेवू नये, मधे एखादी सोपी फेरी घालावी. त्रास दिसला की आपण घाई केली असं समजून मागच्या पायरीवर यावं. फार तीव्र असेल तर पशुवैद्य सरावाच्या जोडीनं फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन देतात. माणसांच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत.

प्रेम अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. जपानातल्या अझाबू विद्यापीठाच्या 2015 च्या अभ्यासात ज्या जोड्या एकमेकांकडे जास्त वेळ पाहत राहिल्या, त्यांतल्या कुत्र्यांत आणि मालकांत, दोघांतही ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलं जाणारं संप्रेरक, वाढलं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं दिसलं नाही.

टाळकरी
सराव वगैरे ठीक. धाग्यात श्रद्धेची गोष्ट कुणी काढण्याआधीच एक सांगतो: परंपरेनं कुत्र्याला श्रद्धेचा गुरू केलेलं नाही. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, पण भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत जे चोवीस गुरू सांगतो त्यांत कुत्रा नाही. कबुतर आहे, आणि तेही आसक्तीचा इशारा म्हणून: जाळ्यात अडकलेल्या पिलांपाठोपाठ कबुतरी जाते, तिच्यामागे तो स्वतः. माया अशी आंधळी झाली की काय होतं हे तिथे सांगितलंय.

नामदेवांची गोष्टही नीट पाहा. कुत्रं भाकरी घेऊन पळालं, नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कुत्र्यानं काही शिकवलं नाही. विठ्ठल ओळखण्याची नजर नामदेवांची होती.

खाऊ मिळतो म्हणून येणं ही देवघेव आहे. विठोबाच्या दारात वारकरी पायी येतो तो काय पदरात पडणार याचा हिशेब करून नाही.

ओसरी
टाळकरी, नामदेवांबद्दल तुम्ही म्हणता तेच माझं म्हणणं आहे: परीक्षा माणसाची असते. महाप्रस्थानिक पर्वात हस्तिनापुरापासून मागे आलेल्या कुत्र्याला सोड, असं इंद्र युधिष्ठिराला सांगतो. युधिष्ठिर नकार देतो. जो भक्तीनं मागे आला त्याचा त्याग करणार नाही, स्वर्ग गेला तरी चालेल. तिथे कुत्र्याची निष्ठा तर आहेच, पण पर्वाचा भार युधिष्ठिराच्या नकारावर आहे.

आणि परंपरेत कुत्रा गुरू नसेल, भक्त तर आहे! जेजुरीचे वाघ्ये स्वतःला खंडोबाचा कुत्रा म्हणवतात, कोटंबा, म्हणजे भिक्षेचं पात्र, वागवतात. त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही.

देवघेवीबद्दल: खाऊ सुरुवातीला प्रत्येक वेळी, पुढे कधीतरी. तरी कुत्रा येत राहतो. पण फसवलं तर? क्योतो विद्यापीठात ताकाओका आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना आधी खाऊ असलेलं भांडं बोटानं दाखवलं, ते गेले. मग मुद्दाम रिकामं भांडं दाखवलं. तिसऱ्या फेरीत त्याच माणसाच्या बोटामागे जाणारे कुत्रे घटले. नवा माणूस आल्यावर मात्र ते पुन्हा बोटामागे गेले. एकानं फसवलं म्हणून सगळ्या माणसांवरचा विश्वास त्यांनी काढून घेतला नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

टाळकरी
मोलाचं आहेच, श्रद्धा नाही एवढंच. दोनदा भांडं रिकामं निघालं की पाय मागे घेणारा शहाणा असेल. दुष्काळात सगळी भांडी रिकामी असतानाही ज्यांची वारी चुकली नाही त्यांच्याबद्दल मी बोलतोय.

तिठा
मग टाळकरींच्या बाजूचं उदाहरण हाचिकोच होईल ना, मालक वारल्यावरही रोज स्थानकावर त्याची वाट पाहणारा जपानी कुत्रा? पण त्यातही भाबडेपणा फार आहे. शिबुया स्थानकावर त्याला खाऊ मिळायचा. मेल्यावर त्याच्या पोटात सापडलेल्या काड्या मांस खोचून भाजायच्या होत्या.

गावकूस
क्रम पाहायला हवा. हाचिकोचे मालक प्राध्यापक उएनो मे 1925 मध्ये वारले, तेव्हा 1923 मध्ये जन्मलेला हा अकिता जातीचा कुत्रा जेमतेम दीड वर्षाचा होता. वर्तमानपत्रात त्याची बातमी आली 1932 मध्ये, लोकांचं लाड करणं मुख्यतः त्यानंतरचं. त्याआधी स्थानकावर त्याला हुसकावलं जाई, मारही बसे. तरी मार्च 1935 मध्ये मरेपर्यंत तो येत राहिला. नुसत्या खाऊनं हे उलगडत नाही. पण त्याला आदर्श करायलाही माझा विरोध आहे. मालक गेल्यावर कुत्र्यानं झुरत राहावं अशी इच्छा धरणं निर्दयपणाचं आहे. दुसऱ्या घरी बहुतेक कुत्री पुन्हा जीव लावतात, वेळ दिला तर. पहिले काही दिवस लपणं, कमी खाणं चालतं, तेव्हा पाहुणे आणि आंघोळ टाळावी. घराची वेळापत्रकं कळायला काही आठवडे, मोकळं व्हायला काही महिने लागतात.

तिठा
हे पटतं. मग ओसरी, तुमच्या "भरवसा सांभाळण्यात" मालकाच्या पश्चात काय, हेही येतं का? कुत्रा दहा ते चौदा वर्षं जगतो. सत्तरीत पिल्लू आणणाऱ्याला लोक नुसतं "सोबत होईल" म्हणतात.

ओसरी
येतं, आणि ते पिल्लू आणण्याआधी ठरायला हवं. पुढे सांभाळणारा माणूस नक्की करावा, त्यानं आठवड्यातून एकदा तरी कुत्र्याला फिरवावं, म्हणजे वेळ आली तेव्हा तो परका नसेल. एका वहीत रेबीज आणि बाकीच्या लसींच्या तारखा, रोजच्या जेवणाचं माप, औषधं, कशाला घाबरतो ते आणि हाकेचे नेमके शब्द लिहून ठेवावेत. सत्तरीत पिल्लापेक्षा सात-आठ वर्षांचा शांत गावठी कुत्रा दत्तक घेणं दोघांनाही सोयीचं.

तिठा
वहीची अट घालून पिल्लू देणारे फार थोडे दिसतात. तोवर माझा आक्षेप कायम ठेवते.