बेंट फाब्रिसियस-ब्येरे राहिलेच की!
डॅनिश गुन्हेमालिकांच्या उदास, थंडगार संगीतावर तुम्ही लेखात छान लिहिलंत, पण आधीची पिढी राहूनच गेली. डॅनिश संगीतकार बेंट फाब्रिसियस-ब्येरे (१९२४-२०२०) यांची 'ओल्सेन बांडेन' या चोरांच्या विनोदी चित्रपटमालिकेतली धून मला तर जास्त आवडते. बेत फसणार, हे ती आधीच मिश्कीलपणे सांगून टाकते. डॅनिश टीव्हीवरच्या 'मॅटाडोर' मालिकेचं संगीतही त्यांचंच.

आणि 'अ‍ॅली कॅट' विसरून कसं चालेल? फ्रँक ब्यॉर्न या टोपणनावाने केलेली पियानोवरची साधी रचना, मांजराने दबकत चालावं तशी. तिला १९६३ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही चक्क रॉक अँड रोल विभागात! परीक्षकांनी ती ऐकली तरी होती का, देव जाणे.