मोनोस्पेस सॅन्स-सेरिफ: कोडच्या बाहेर यांचं काय काम?

अर्धविराम:
हल्ली जिथे पाहावं तिथे लेखच्या लेख मोनोस्पेस फॉन्टात, तेही सॅन्स-सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना शेपट्या नसलेले. प्रत्येक अक्षराला सारखी रुंदी द्यायची म्हटल्यावर इंग्रजी 'एम' अंग चोरून उभा राहतो आणि 'आय'ला उगाच हातपाय पसरावे लागतात. वाचताना आपण शब्दाचा आकार टिपतो, तोच बिघडतो. टाइपरायटरची कागद धरणारी कॅरेज दर ठोक्याला तेवढीच सरकायची, म्हणून हा नाइलाज होता. आता कसली सक्ती आहे? संगणकाचा कोड लिहिणाऱ्यांनी खुशाल वापरा, बाकीच्यांचा निव्वळ शौक.

कर्सर_लुकलुक:
नाइलाज कसला? कॉन्सोलास हा मोनोस्पेस फॉन्ट घ्या. फॉन्टकार लुकास द ग्रोटने तो पडद्यासाठीच आखला, २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर घरोघरी पोचला. शून्यात तिरकी रेघ, छोट्या 'एल'ला खाली आडवी बैठक. एकदा एका छापील पासवर्डमधलं शून्य मी 'ओ' समजून टाइप करत बसलो, खातं लॉक झालं. तेव्हापासून या रेघेची किंमत कळते.

अर्धविराम:
रेघेचं श्रेय रुंदीला का देताय? साध्या फॉन्टातही शून्याला रेघ मारता येते. आकड्यांच्या तक्त्याचं म्हणाल, तर बऱ्याच प्रपोर्शनल, म्हणजे अक्षरागणिक रुंदी बदलणाऱ्या फॉन्टांत सारख्या रुंदीचे आकडे असतातच.

रकाना८०:
आकडे सोडा, विरामचिन्हं बघा. साध्या फॉन्टात स्वल्पविराम दोन अक्षरांच्या फटीत दडतो. इथे त्याला 'एम'एवढं अख्खं घर मिळतं. दुहेरी स्पेस, सुटलेला टिंब लगेच खुपतो. प्रूफ तपासायला याहून बरं काही नाही.
आणि यंत्रांचं काय? पासपोर्टवर खाली दोन ओळी असतात, प्रत्येकी बरोबर ४४ घरांच्या. फॉन्ट ओसीआर-बी, यंत्राला वाचता यावा म्हणून केलेला, फॉन्टकार ॲड्रियन फ्रुटिगरचा, १९६८ चा. कितव्या घरात अक्षर आहे त्यावरून यंत्र ठरवतं की ही जन्मतारीख की मुदत. मोकळ्या घरातसुद्धा भरतीचं चिन्ह छापतात. हा शौक नव्हे.

जुना_खिळा:
मी उलट टोकाचा. कोडलासुद्धा मोनोस्पेस हवाच असं नाही. सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा बनवणाऱ्या स्ट्रूस्ट्रपने तिच्यावरच्या स्वतःच्या पुस्तकात कोड प्रपोर्शनल फॉन्टात छापला, कुणाचं काही अडलं नाही.
बाय द वे, फिरा कोडसारखे कोडसाठीचे फॉन्ट उद्गारचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह जोडून एकच 'असमान' चिन्ह दाखवतात, ते मला अजिबात पटत नाही. फाइलमध्ये दोन अक्षरं आहेत तर दोनच दिसू देत.

कर्सर_लुकलुक:
पुस्तक एकदाच छापतात हो! आम्हाला तीच ओळ दिवसातून दहादा बदलायची असते. खालीवर रकाने जुळलेले असले की चुकलेला आकडा नजरेतच भरतो. जोडचिन्हांबद्दल मात्र सहमत, मी ती बंदच ठेवतो.

काना_मात्रा:
या भांडणात देवनागरी कुठे आहे? 'र' आणि 'क्ष' एकाच रुंदीत कोंबून दाखवा. कोडमध्ये मराठी कॉमेंट, म्हणजे टीप, लिहिली की पुढचा रकाना सरकलाच म्हणून समजा.

अर्धविराम:
ते खरंच अवघड आहे. रकाना८०, तुमच्या सांगण्यावरून कालचा माझा इंग्रजी मसुदा मोनोस्पेसमध्ये टाकून वाचला. तीन ठिकाणी दुहेरी स्पेस, एक स्वल्पविराम गायब. तपासायला वापरीन. वाचकाच्या हातात देताना फॉन्ट बदलूनच देणार.