व्हेंटिलेटरवरील रुग्णाला इतक्या लवकर बसवावे का?

प्रश्न: न्यूमोनियामुळे माझे वडील व्हेंटिलेटरवर आहेत. घशात नळी असतानाच त्यांना खाटेच्या कडेला पाय सोडून बसवलेले पाहून आईच्या जिवाचे पाणी झाले. इतकी घाई आवश्यक असते का?

उत्तर १: होय. पडून राहिल्याने मांड्यांचे स्नायू पहिल्या आठवड्यातच झपाट्याने झडू लागतात. २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील १०४ रुग्णांवरील चाचणीत लवकर व्यायाम सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण रुग्णालय सोडताना अंघोळ, कपडे, चालणे स्वतः करू शकत होते, इतरांत हे प्रमाण ३५ टक्केच होते.

उत्तर २: मात्र ‘जितके जास्त तितके चांगले’ असे मुळीच नाही. २०२२ सालच्या ‘टीम’ नावाच्या चाचणीत ७५० रुग्णांपैकी ज्यांना अधिक जोमाने हालचाल करायला लावली, त्यांना १८० दिवसांअखेर विशेष लाभ दिसला नाही, उलट हृदयाची लय बिघडण्याचे व ऑक्सिजन घसरण्याचे प्रसंग वाढले. त्यामुळे व्यायामाची रोजची मात्रा रुग्ण पाहूनच ठरवावी लागते.

उत्तर ३: बसवताना नळी सांभाळायला स्वतंत्र परिचारिका होती का, एवढे मात्र आवर्जून विचारा.