मदत हवी आहे: परसबाग सुरू केली, पण पावसात रोपं मान टाकतायत

नमस्कार. मार्चमध्ये धायरीला तळमजल्यावर राहायला आलो. मागे दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे. आईचा जन्म शेतात गेला, तिला पुन्हा हातची भाजी तोडायची आहे. तिच्यासाठी हे जमवायचंच आहे.

कुदळ मारली तर वीतभर काळी माती, खाली मुरूम आणि विटांचे तुकडे. दोन पोती शेणखत मिसळून मृगाच्या पावसानंतर भेंडी लावली, मागाहून मेथी पेरली. मेथी चौथ्या दिवशी तरारून वर आली. मग झड लागली आणि दोन दिवसांत निम्मा वाफा आडवा. एक रोप उपटून पाहिलं: पानं हिरवीगार, पण मातीलगत देठ पाणचट होऊन दोऱ्याएवढं बारीक झालेलं. माती मुठीत दाबली की गोळा होतो, वाफसा (मातीतली बेताची, मोकळी ओल) येतच नाही. भेंडीच्या नव्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्यात, झाड हलवलं की पांढऱ्या माश्या उडतात.

सगळी माती काढून नवी भरू का? आणि भेंडीवर काय फवारू?

प्रतिसाद
दादा, माती काढू नका, काळी माती कसदार असते. तिला फक्त निचरा हवा. फूटभर उंच गादीवाफे करा, रुंदी तीनच फूट ठेवा म्हणजे दोन्हीकडून हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. मेथीला रोपमर झाली आहे, साचलेल्या ओलीत ही बुरशी फोफावते. पुढच्या वेळी शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) मिसळा, बी विरळ पेरा. खरं तर मेथी-पालक पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरातच घ्या.

भेंडीवरचा हळद्या, म्हणजे शिरा पिवळ्या पडण्याचा रोग, विषाणूचा आहे, त्यावर औषध नाही. पिवळी झाडं आजच उपटा, जीव तुटतो पण उपटाच. उरलेल्यांवर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा, पानांच्या खालच्या बाजूनेही. पांढरी माशीच हा रोग पसरवते.

आत्ता मांडव घालून दोडका, घोसाळं, कारलं लावा. आणि पाणी कुठे साचतं?

धागाकर्ता
नळाजवळच्या कोपऱ्यात, ताई. तिथे काहीच जगत नाही.

प्रतिसाद
तिथे अळू लावा. भाजीचं घ्या, वडीचंही घ्या. आईंना विचारा, कंद कुठून आणायचे ते त्याच सांगतील.